डिपॉझिट परत मिळवायची तयारी घरात शिरतानाच करा

गेल्या जूनमध्ये भाच्याचा फोन आला. लातूरहून नुकताच पुण्यात आलेला, हिंजवडीत पहिली नोकरी. "मामा, वाकडला फ्लॅट बघितलाय. एजंट म्हणतो आज रात्रीपर्यंत पाच हजार टोकन टाका, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे." मी विचारलं, मालकाचं नाव काय? ते त्याला माहीत नव्हतं. सोसायटीची जिम किती वाजेपर्यंत उघडी असते, हे मात्र पाठ होतं.

त्याला फोनवर तुटक तुटक जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय. मी चौदा वर्षांत सहा घरं बदलली, पाच पुण्यात आणि एक ठाण्यात. पहिल्या घराच्या डिपॉझिटमधून अकरा हजार गेले, रंगाचे आणि बाथरूमच्या एका तडकलेल्या टाइलचे. ती टाइल मी राहायला गेलो तेव्हाच तडकलेली होती, पण ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढच्या पाच घरांत एक रुपयाही गेला नाही. मालक सगळे देवमाणूस निघाले असं नाही, माझे कागद सुधारले. (हे सगळं महाराष्ट्रापुरतं. गोव्यात १९६८चा वेगळा भाडे कायदा आहे, बंगळुरूचे रिवाज तर आणखीनच वेगळे.)

आधी समजून घ्या, कायद्याच्या लेखी तुम्ही कोण

बोलताना आपण भाडेकरू म्हणतो. पण हल्ली शहरात घर मिळतं ते ‘लिव्ह अँड लायसन्स’वर. कागदावर मालक लायसन्सॉर आणि तुम्ही लायसन्सी. लायसन्स म्हणजे परवानगी. अमुक महिने या जागेत राहा, अमुक पैसे द्या, एवढंच. घरात तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही. जुन्या चाळीत पागडीवर राहणारे आजोबा म्हणजे खरे भाडेकरू. त्यांचं भाडं वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही आणि नियमित भाडं भरतात तोवर त्यांना सहजासहजी काढता येत नाही. ते संरक्षण तुम्हाला नाही. "कायदा भाडेकरूच्या बाजूने असतो" हे वाक्य तुमच्या वडिलांनी ऐकलंय ते त्या आजोबांबद्दल.

यातून तीन गोष्टी निघतात. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहिलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं तुमच्यावर चढतं. दुसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मालकाने मधेच घर विकलं, तर नवा मालक तुमच्या लायसन्सला बांधील नसतो. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात (वकील त्याला ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात) कलम ५९ मध्ये हे सरळ लिहिलंय.

तिसरी गोष्ट डिपॉझिटची. "दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, कायदा झालाय" असा व्हिडिओ तुम्हालाही कुणीतरी पाठवला असेल. तो आहे आदर्श भाडेकरार कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली आणि राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा त्यात खरंच आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच त्या राज्यात लागू होतो. महाराष्ट्रात चालतो तो १९९९चा भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून. आणि लायसन्सवरच्या घराचं डिपॉझिट किती असावं, किती दिवसांत परत करावं, त्यातून काय कापावं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. म्हणजे तुमच्या करारात जे लिहाल तेच बहुतांशी तुमचा कायदा. मालकाशी बोलताना त्या व्हिडिओचा हवाला दिलात तर पहिल्याच वाक्यात तुमची कच्ची बाजू दिसेल.

पायरी १: मालक खरा कोण ते बघा

घर दाखवणारा, किल्ली देणारा आणि घराचा मालक हे तीन वेगळे लोक असू शकतात. टोकन टाकण्याआधी मालकाच्या नावाची दोन कागदपत्रं मागा: घराच्या खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि चालू महिन्याचं लाइट बिल किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल. त्यावरचं नाव आणि मालकाच्या आधारवरचं नाव एकच हवं. पुण्यात पुष्कळ मालक अमेरिकेत असतात आणि घर त्यांचे सासरे किंवा भाऊ बघतात. अशा वेळी कुलमुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीची) प्रत मागायची. "विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं तर हसून म्हणायचं, "कंपनीत एचआरला द्यावं लागतं हो." मी दरवेळी हेच म्हणतो.

मुंबई-ठाण्यात ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे. एकरकमी पाच-दहा लाख द्यायचे आणि महिन्याचं भाडं शून्य किंवा नावापुरतं. इथली ठरलेली फसवणूक अशी चालते. एजंट मालकाकडून घर महिन्याच्या भाड्याने घेतो, तेच घर स्वतः मालक असल्यासारखं तुम्हाला हेवी डिपॉझिटवर देतो, चार-सहा महिने तुमच्याच पैशातून मालकाला भाडं पोचवतो आणि मग त्याचा फोन बंद. मालक दारात उभा राहतो, आणि त्याचंही काही चुकलेलं नसतं. म्हणून डिपॉझिट फक्त आणि फक्त मालकाच्या बँक खात्यात जाईल. एजंटच्या खात्यात नाही, रोख नाही, "साहेबांच्या मिसेसच्या जीपेवर"ही नाही. ट्रान्सफर करताना शेऱ्यात ‘डिपॉझिट’ लिहा. लहान गोष्ट आहे, पण दोन वर्षांनी "ते तर आगाऊ भाडं होतं" असं ऐकावं लागत नाही.

टोकन देणारच असाल तर हजार-दोन हजारांच्या वर जाऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य लिहून "ओके" मिळवा: अमुक फ्लॅटसाठी टोकन, करार न झाल्यास परत. दुसरी पार्टी बहुतेक वेळा नसतेच.

पायरी २: ‘फॉरमॅट’ वाचा

एजंट म्हणतो, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे सही करतात." सगळे करतात हे खरं आहे, म्हणून तर भांडणंही स्टँडर्ड असतात. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या आणि चहा घेऊन बसून वाचा. डिपॉझिटच्या कलमात बहुधा एवढंच असतं: ‘घर सोडल्यावर थकबाकी व नुकसान वजा करून अनामत रक्कम बिनव्याजी परत करण्यात येईल.’ कधी, ते नाही. नुकसान कुणी ठरवायचं, तेही नाही. मी आता दरवेळी या ओळी घालून घेतो:

‘घराचा ताबा परत दिला त्याच दिवशी अनामत रक्कम परत केली जाईल. काही कपात करायची असल्यास लायसन्सॉर त्याचा लेखी तपशील व बिल देईल. नेहमीच्या वापराने होणारी झीज, रंग फिका पडणे, भिंतीवरचे खिळे हे नुकसान समजले जाणार नाही.’

त्याच दिवशीला मालक तयार नसेल तर सात दिवस लिहा. पंधरा म्हणजे माझ्या मते जास्तच, पण आकडा हवा. ‘लवकरात लवकर’ हा आकडा नव्हे.

रंगाचं वेगळं सांगतो, कारण सर्वात जास्त पैसे तिथे जातात. ‘सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ अशी अट आता पुण्यातही दिसायला लागली आहे. सही केलीत तर ती अट तुम्ही मान्य केलीत, मग भिंती आरशासारख्या ठेवल्या तरी वाद घालायला जागा फार उरत नाही. घासाघीस सहीच्या आधीच करायची. माझा नेहमीचा प्रश्न असतो, "काका, मी यायच्या आधी नवा रंग देताय का?" नसेल देत, तर जाताना माझ्याकडून कसला घेता? अर्ध्या वेळा ती अट तिथेच गळते. उरलेल्या अर्ध्या वेळा ‘दोन वर्षांहून कमी राहिल्यास निम्मं’ असं काहीतरी ठरतं.

लॉक-इनही बघा, म्हणजे ज्या काळात घर मधेच सोडता येत नाही ती मुदत. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल तर ते दोन्हीकडून हवं, नाहीतर तुम्ही अडकलेले आणि मालक मोकळा. ‘मधेच सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त’ असं असेल तर खोडून ‘एक महिन्याचं भाडं’ करून घ्या. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की दंडाची रक्कम करारात कितीही लिहा, मिळते ती वाजवी भरपाईच आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. पण ते कोर्टात गेल्यावर. कोर्टात जावंच लागू नये यासाठी हा सगळा खटाटोप.

आणखी तीन ओळी. घर विकलं तर किमान दोन महिन्यांची नोटीस आणि नवा मालक ताबा घेण्याआधी डिपॉझिट परत (कलम ५९ आठवा). गळती, वायरिंग, मोटर अशी मोठी दुरुस्ती मालकाची, बल्ब आणि नळाचा वॉशर तुमचा. आणि मुदतीत वीज-पाणी तोडलं जाणार नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं वीज-पाणी तोडणं हा गुन्हा आहे खरा, पण ते कलम भाडेकरूबद्दल बोलतं आणि तुम्ही लायसन्सी. म्हणून ते करारात हवं.

पायरी ३: नोंदणी झालीच पाहिजे

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरेशी." हे वाक्य ऐकलंत की समजा, समोरच्याला माहीत नाही किंवा सांगायचं नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यातूनच अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात पुढे असंही आहे की नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला हे शांतपणे वाचून दाखवा. माझ्या एका मालकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एजंटला फोन केला.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ०.२५. कशावर, तर संपूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. भाच्याचं गणित असं: १८,००० भाडं, अकरा महिने, म्हणजे १,९८,०००. डिपॉझिट ६०,०००, त्यावर अकरा महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज २,०३,५००, त्याचा पाव टक्का पाचशेच्या आसपास. वर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. एजंट घरी येऊन अंगठा घेतो, त्याची मजुरी वेगळी आणि ती देण्यात काही गैर नाही. पण "सरकारी खर्चच चार हजार आहे" असं म्हणाला तर हा हिशेब समोर ठेवा. खर्च कुणी करायचा हे कायद्याने ठरवलेलं नाही, रिवाजाने निम्मा-निम्मा होतो.

नोंदणी ऑनलाइन होते, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमधून, आधार आणि बोटांच्या ठशांवर. झाल्यावर कराराची पीडीएफ आणि इंडेक्स टू स्वतःच्या ईमेलवर घ्या. डिपॉझिटचा आकडा कागदावर खरा आलाय ना, ते अंगठा द्यायच्या आधी बघा. शुल्क वाचवायला साठ हजारांचे दहा हजार लिहिणारे महाभाग आहेत. त्यात तुमची बचत होते दहा-बारा रुपयांची आणि पन्नास हजारांना पुरावा उरत नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम. ऑनलाइन होतं. पावती मागून ठेवा. सोसायटीचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांचे नमुना नियम) सभासदाने घर देताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश आहे. ते मालकाचं देणं आहे, तुमच्या माथी मारलं जातंय का तेवढं बघा.

पायरी ४: सामान आत घेण्याआधी

भाच्याला मी सांगितलं, टेम्पो खाली थांबू दे. आधी रिकाम्या घरात फोन घेऊन फिर. तो वैतागला, पण फिरला. दारापासून सुरुवात, लॅच फिरवून. प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत, फरशी. सगळे दिवे आणि पंखे चालू-बंद करून. स्वयंपाकघरात सिंकच्या खालचं कपाट उघडून आतली फळी, कारण पाइप गळून ती फुगलेली असते आणि सोडताना ती नेमकी "तुम्ही फुगवलेली" असते. ओट्याच्या ग्रॅनाइटच्या कडा. गीझर गरम होतो का. फ्लश. खिडक्यांच्या स्लायडिंगची चाकं आणि जाळ्या. बेडरूमची बाहेरची भिंत हाताने चाचपून बघ, ओल असेल तर गार लागते. शेवटी लाइट मीटरचं रीडिंग, आकडा दिसेल असं.

त्याच्या व्हिडिओत गॅलरीच्या दारामागे पोपडे सुटलेले सापडले. दिवसा दार उघडं असतं, म्हणून आधी कुणालाच दिसले नव्हते.

आता हे सगळं फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. त्याच संध्याकाळी मालकाला पाठवायचं, सोबत गोड भाषेत यादी: ‘नमस्कार काका, आज राहायला आलो. घर छान आहे. दोन-तीन गोष्टी तुमच्या माहितीसाठी: गॅलरीच्या दारामागे ओल, सिंकखालची फळी फुगलेली, मास्टर बाथरूममध्ये एक टाइल तडकलेली. मीटर रीडिंग फोटोत आहे.’ काकांचं "ठीक आहे" आलं की तो तारखेसकट पुरावा झाला. फर्निचर असेल तर त्याची यादी कराराला जोडा, नगांसकट.

राहताना

भाडं बँकेतूनच द्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) मालकाचा पॅन लागतो, तो करारातच लिहून घ्या, मार्चमध्ये मागे लागू नका. महिन्याचं भाडं पन्नास हजारांहून जास्त असेल तर टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा मालकाचा कर) तुम्ही कापायचा, १ ऑक्टोबर २०२४ पासून दर दोन टक्के. काही बिघडलं की फोन करा, पण फोननंतर मेसेजही टाका. मालकाला विचारून केलेल्या दुरुस्तीचं बिल त्याच दिवशी पाठवून भाड्यातून वळतं करून घ्या. "नंतर डिपॉझिटमध्ये बघू" याला हो म्हणू नका, तिथे आधीच गर्दी असते.

सोडताना

नोटीस लेखी, करारात दिलेल्या मुदतीइतकी. मालकाला घर सोडण्याच्या दहा-बारा दिवस आधी चहाला बोलवा आणि घर दाखवा. "काही करायला हवं असेल तर आत्ताच सांगा." नळ बदलायला तुम्हाला दोनशे लागतात, तोच हिशेबात आठशेचा होतो. लाइट, गॅस, मेंटेनन्स भरून पावत्या एका फोल्डरमध्ये. घर रिकामं झालं की पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने.

किल्ली आणि पैसे एकाच बैठकीत. ट्रान्सफर तिथे बसून, मेसेज आला की किल्ली हातात. "आधी किल्ली द्या, पैसे सोमवारी टाकतो" म्हणणाऱ्याला "मग सोमवारी भेटू, भाडं तोपर्यंतचं भरलेलंच आहे" म्हणता यावं, म्हणून मी घर रिकामं करायची तारीख नेहमी मुदतीच्या चार दिवस आधी ठेवतो.

इथे दोन मोह होतात. एक, शेवटचे दोन महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिटमधून फिटेल. पुष्कळ लोक करतात. मालकाची संमती लेखी असेल तर जरूर करा, नसेल तर ती थकबाकी दिसते आणि वाद तुम्ही सुरू केलेला होतो. दुसरा, पैसे मिळेपर्यंत घर न सोडणं. मुदत उलटल्यावर हे करू नका. दुप्पट भाड्याचं कलम २४ तिथेच वाट बघत असतं आणि साठ हजारांचं डिपॉझिट त्यात दोन महिन्यांत विरघळतं.

उलट बाजूनेही सांगतो. मुदत शिल्लक असताना मालकाने तुमचं सामान आत ठेवून कुलूप बदललं, तर ११२ला फोन करा आणि करार दाखवा. चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागता येते, सुविधाधिकार कायद्याचं कलम ६४.

पैसे दिलेच नाहीत तर

आधी तपशील मागा, लेखी. ‘अकरा हजार कापले ते कशाचे, बिल पाठवा.’ मी पहिल्या घराच्या वेळी हे विचारलंच नव्हतं, संकोचाने. मालमत्ता हस्तांतरण कायदा (१८८२, कलम १०८) भाडेपट्ट्याबद्दल सांगतो की घर घेतलं तशा अवस्थेत परत करायचं, वाजवी झीज वगळून. तुमचा करार लायसन्सचा असला तरी वाद घालताना हाच मापदंड पुढे करा, आणि करारात झिजेची ओळ असेल तर ती दाखवा.

दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर वकिलामार्फत नोटीस, स्पीड पोस्टाने, पोचल्याच्या पुराव्यासह. बरीच प्रकरणं इथे मिटतात, कारण मालकालाही वकील शोधावा लागतो. पोलिसांकडे गेलात तर "सिव्हिल मॅटर आहे" हे उत्तर मिळेल आणि ते बरोबरच आहे. मालकच खोटा निघाला असेल तर मात्र ती फसवणूक, मग तक्रार पोलिसांतच.

त्यापुढे थेट दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. दावा दाखल करण्याआधीच अर्ज देता येतो, ते दोघांना बोलावतात, तडजोड झाली तर लोक अदालतीचा निवाडा होतो. त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं आणि त्यावर अपील नाही. बाईमाणूस असेल तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो, हे माझ्या एकाही मैत्रिणीला माहीत नव्हतं. तिथेही नाहीच जमलं तर पैशांच्या वसुलीचा दावा, आणि त्याला मुदत आहे तीन वर्षांची, पैसे देय झाल्यापासून. करारात परतीचा दिवस लिहिलेला असला की ही तीन वर्षं कधी सुरू झाली यावरही वाद उरत नाही.

भाच्याची अकरा महिन्यांची मुदत संपत आली, तेव्हा त्याने मालकाला घर बघायला बोलावलं. ते गॅलरीच्या दारामागे गेले आणि म्हणाले, "इथे ओल कधी आली?" त्याने फोनमध्ये जूनचा मेसेज वर सरकवून दाखवला. ते म्हणाले, "हां, हां, बरोबर. तू सांगितलं होतंस."